चार नंबरच्या पिंजऱ्यातली ताडी

१२ नोव्हेंबर २०१८, सोमवार

मी डासांना ताडी पाजली.

लिहून टाकलं एकदाचं. तोंडाने कुणाला सांगायची सोय नाही. आईला सांगितलं तर ती बाजारात टोपली खाली ठेवायच्या आत सगळ्या बायकांना कळेल. लाहूला सांगितलं तर तो म्हणेल, माझ्या हातची ताडी डासांना घातलीस, मेल्या? आणि भाविका मॅडमला सांगितलं तर नोकरी जाईल.

नोकरी काय, तर डास पोसायचे. हसा. अख्खा डहाणू तालुका डास मारतो, मी एकटा त्यांना जेवायला घालतो. सरावलीला महादेवशेठची चिकूची वाडी आहे. तिथल्या मागच्या दोन खोल्या पुण्याच्या एका लॅबने घेतल्यात. आत जाळीचे चार पिंजरे. एक नंबरमध्ये वाडीतले डास, दोनमध्ये डहाणू रोडच्या लॉजच्या टाकीतले, तीनमध्ये कासाच्या टायरवाल्याकडचे, आणि चारमध्ये आमच्या गावचे, खास माझ्या आईच्या पिंपातले. मी अळ्या आणतो, ट्रेमध्ये वाढवतो, डास झाले की पिंजऱ्यात सोडतो. मग पाच दिवस साखरपाण्यात बुडवलेला कापूस टांगायचा. डास चोखतात. पाच दिवसांनी स्वारी पुण्याला. तिथे त्यांना डेंग्यूचा व्हायरस मिसळलेलं रक्त पाजतात आणि कुणाच्या अंगात तो रुजतो ते बघतात. बारावीला दोनदा बसलेल्या माणसाला याहून हुशारीचं काम डहाणूत कुठे मिळणार?

झालं असं. दिवाळीला मॅडम त्यांच्या घरी उंबरगावला गेल्या. साखरेचा डबा माझ्या ताब्यात. त्यातली बरीच साखर माझ्या चहात गेली, हे पण कबूल करतो. चौथ्या पिंजऱ्यापर्यंत आलो आणि डब्यात फक्त मुंग्या. हातात लाहूने दिलेली बाटली होती, कालची, चांगली आंबलेली. म्हटलं चार नंबरवाले आपले गाववाले. सणासुदीला पाहुणचार आधी आपल्या माणसांचा.

दुसऱ्या दिवशी साखर आणली, पण ती बाकीच्या तिघांना; चार नंबरला पाचही दिवस ताडीच पाजली. एक डास जाळीवर बसायला गेला आणि तीनदा चुकला. चौथ्यांदा बसला तो उलटा. पोट धरून हसलो. हसायला दुसरं कुणी नव्हतं एवढंच वाईट वाटलं.

१५ नोव्हेंबर

मॅडम आल्या. दारातच नाक वर. "स्वप्निल, आंबट वास कसला?"

म्हटलं, "दिवाळीचं फरसाण, मॅडम."

"फरसाण आंबट?"

"माझ्या आईने केलंय."

मॅडम कामाला लागल्या. माझी आई जगातली सगळ्यात उपयोगी बाई आहे, तिला माहीत नाही एवढंच.

डास कागदी पेल्यांत भरले, वर जाळी बांधली, पेले थर्माकोलच्या खोक्यात ठेवले. खोकं आईकडचंच, बोंबलाचा वास मारणारं. रामू ड्रायव्हर म्हणाला, "माझ्या गाडीत आजवर माणसं ओकली. आता डास पण ओकतील." चार नंबरच्या पेल्याकडे मी बघितलं नाही. दोघंतिघं अजून तळालाच बसून होते.

३ डिसेंबर, सोमवार

मॅडमना आज नाचताना बघितलं. फोन ठेवला आणि खोलीत दोन उड्या मारल्या, मग मी दिसलो तशा थांबल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

पुण्याहून रिझल्ट आला. चाळीस-चाळीस डास तपासले. एक, दोन, तीन नंबरमध्ये सव्वीस, एकोणतीस, सत्तावीस जणांत व्हायरस रुजला. चार नंबरमध्ये तीन. फक्त तीन!

मी म्हटलं, "बाकीचे मेले असतील."

"जिवंत होते रे. आणि त्यांच्या पोटात एक जंतू सापडलाय, बाकीच्या पिंजऱ्यांत तो नाहीच." मग त्यांनी मला बसवून समजावलं. माणसाच्या आतड्यात असते तशी डासाच्या पोटात पण जंतूंची वस्ती असते. काही जंतू व्हायरसला आत रुजू देत नाहीत. काही उलटे त्याला मदत करतात. म्हणजे एकाच जातीचे दोन डास, एक रोग पसरवणार, दुसरा नाही, आणि फरक फक्त पोटातल्या भाडेकरूंचा.

"म्हणजे वॉचमन," मी म्हटलं.

"बराबर! वॉचमन. काही जागे, काही चोराला दार उघडून देणारे." आणि खूष होऊन वहीत लिहिलं: वॉचमन. माझा शब्द पुण्याला जाणार.

मग गंभीर झाल्या. पुण्याचे मोठे साहेब पीयूष सर म्हणालेत, असं तीनदा सारखं आलं तर मानू. मग प्रोजेक्टला अजून तीन वर्षं आणि मॅडमची पीएचडी. नाही आलं तर एकतीस मार्चला कुलूप. "आणि मी पप्पांच्या प्लास्टिकच्या कारखान्यात, बिलं लिहायला," म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

मी बाहेर येऊन चिकूच्या झाडाखाली बसलो. मला एका सेकंदात कळलं काय झालंय ते. कसला जंतू आणि कसला वॉचमन! झिंगलेल्या डासाला रक्त प्यायची शुद्ध असते का? तो पेल्याच्या तळाला पडून राहिला असणार. रक्तच प्याला नाही तर व्हायरस रुजणार कुठून? एवढे शिकलेले लोक, यांना साधं दारूडं ओळखता येत नाही.

६ डिसेंबर

मॅडम आमच्या घरी. पिंपाची पूजा केली म्हणालात तरी चालेल. चमच्याने कडेचं शेवाळ खरवडून बाटलीत भरलं, पाणी भरलं, तळाचा गाळ भरला. आई कमरेवर हात ठेवून उभी.

"काय गं पोरी, माझ्या पिंपात मेलं काय?"

"चंपामावशी, तुमच्या पिंपातल्या डासांना डेंग्यू होत नाही. मोठी गोष्ट आहे."

आईने माझ्याकडे बघितलं, पिंपाकडे बघितलं. "होणार कसा? माझ्या घरात कुणाला आजारी पडायची परवानगीच नाही."

मॅडमनी बोंबलाची चटणी खाल्ली. डोळ्यांतून पाणी, नाक लाल, तरी "सरस छे" म्हणत तिसरी भाकरी घेतली. घरी असलं काही चालत नाही त्यांच्या, तरी खाल्लं. त्या गेल्यावर आई म्हणाली, "पोरगी चांगली आहे. तुझ्यासारख्या मेल्याला सांभाळते." मी म्हटलं, "मी डास सांभाळतो." आई म्हणाली, "तेच म्हणते, सगळे एका माळेचे."

१९ डिसेंबर, बुधवार

दुसरी बॅच पिंजऱ्यात गेली. रात्रभर ठरवत होतो, या वेळी साखरपाणी घालायचं, जे होईल ते होईल. सकाळी आलो तर मॅडम माझ्याआधी हजर, चार नंबरसमोर खुर्ची टाकून. गालावर शालीची खूण. खुर्चीतच झोपल्या होत्या. मी आल्यावर उठल्या आणि म्हणाल्या, "बघ ना स्वप्निल, किती निवांत आहेत आपले."

आपले.

मी लाहूकडे गेलो. लाहू सकाळी झाडावरून मडकी उतरवत होता. म्हटलं, कालची दे, आंबलेली, चढणारी. तो म्हणाला, "सकाळी सकाळी? तुझ्या बापाने पण दुपारपर्यंत दम धरला असता." बाटली पिशवीत, पिशवी सायकलला. मॅडम आंघोळीला गेल्या की कापूस बदलायचा. पाच दिवस.

ही फसवणूक आहे, मला कळतं. पण पहिल्यांदा केलं ती मस्करी होती. हे काय आहे त्याला नाव सुचत नाही.

८ जानेवारी २०१९

चार! चाळीसपैकी चार! बाकीच्यांचे परत पंचवीस-तीस. मॅडमनी पेढे आणले, त्यातले दोन चार नंबरच्या पिंजऱ्यावर ठेवले. मुंग्यांनी खाल्ले.

त्या जंतूचं नाव एवढं लांब आहे की एका दमात म्हणता येत नाही. मॅडम म्हणाल्या, "हा आंबट करणारा जंतू आहे. फुलांच्या रसात सापडतो, पिकल्या फळांत, आंबलेल्या रसात. तो पोट आंबट करतो, म्हणून व्हायरस टिकत नाही, असं मला वाटतं. पण पिंपाच्या गाळात एकही मिळाला नाही. मग चार नंबरच्या पोटात आला कुठून?"

मी म्हटलं, "आई पिंपाशेजारी बसून शेजारणींना शिव्या घालते. त्याने आंबत असेल."

त्या हसल्या, टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मी पण. मग सावधपणे विचारलं, "मॅडम, ते डास रक्त नीट प्याले होते ना? नाहीतर उपाशी राहिले असतील."

"पोटं लाल टम्म. जे पीत नाहीत त्यांना आधीच बाजूला काढतात."

मी मान हलवली. मनात म्हटलं, पुण्यात असंच बघतात. दारूड्याला विचारा जेवलास का, तो हो म्हणतोच.

१८ जानेवारी, शुक्रवार

पाप वाढतंय. आईने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पिंपाला हळद लावली. बोट नाही, अख्खा पंजा. बायका रांगेने आल्या, वाण घेतलं, पिंपाला नमस्कार. आणि आता गावात कुणी पिंप रिकामं करत नाही. "आपले डास चांगले आहेत," म्हणतात. काहींनी तर आईकडून तांब्याभर पाणी नेऊन आपल्या पिंपात ओतलं, दह्याला विरजण लावतात तसं.

हेमांगीताई, आमच्या आशा वर्कर, दर शुक्रवारी घरोघर पिंपं उपडी करायला लावतात. आज आमच्या दारात उभ्या राहून ओरडल्या.

"चंपाताई, शास्त्र काय सांगतं ते सांगू नका मला! कोरडा दिवस म्हणजे कोरडा दिवस!"

"शास्त्र पुण्याचं आहे, तुझं कासाचं आहे," आई म्हणाली.

"पिंपात अळ्या नाचतायत!"

"नाचू दे. त्यांना काय दुसरं काम आहे?"

हेमांगीताईंनी माझ्याकडे बघितलं. "तू तरी सांग. तू तिथे काम करतोस ना?"

मी काय सांगू? आपले डास चांगले नाहीत, ते पिऊन पडलेले होते? मी म्हटलं, "ताई, रिसर्च चालू आहे." हे वाक्य फार कामाचं आहे. कशालाही चालतं.

जाताना ताई म्हणाल्या, गेल्या पावसाळ्यात तीन पोरं कासाच्या दवाखान्यात होती, आठवतं ना. आठवतं. एक माझ्या चुलत भावाची रिया. आठ दिवस सलाईन. तिला भेटायला गेलो तेव्हा तिने विचारलं होतं, काका, तुझ्या पिंजऱ्यातला तर चावला नाही ना मला? आज पहिल्यांदा जेवण गेलं नाही.

२ फेब्रुवारी, शनिवार

काल दुपारी जमीन जोरात हलली. नोव्हेंबरपासून हलते आहे, आता सवय झाली, पण काल भांडी पडली. तलासरीकडे तर लोक तंबूत झोपतात. आमच्या गावात सगळे धावत बाहेर, बोटी ठेवतात तिथे वाळूवर जमले, कुणी देवाचं नाव घेतंय, कुणी सरकारचं. मी उलटा घरांकडे पळालो.

कुणी नव्हतं. एकेका अंगणात शिरायचं, पिंपाला खांदा लावायचा, धप्प. दुसरं अंगण, धप्प. अकरा पिंपं पाडली. एका पिंपाच्या मागे कोंबडी होती, तिने मला ओळखलं, पण कोंबडीचं कोण ऐकतं. रियाच्या घरचं पिंप दोनदा पाडलं, कारण पहिल्यांदा अर्धंच सांडलं.

आमचं पिंप ठेवलं. तिसऱ्या बॅचला मॅडमना त्यातूनच अळ्या लागणार. त्याला वरून जुनी मच्छरदाणी बांधली, चांगली दोन वेढे.

लोक परत आले. भूकंपाला शिव्या. आणि मग कुणीतरी आमच्या अंगणात बघितलं.

"चंपाचं पिंप उभं आहे!"

सगळं गाव गोळा. अकरा पिंपं आडवी, एकच उभं, वर पांढरं वस्त्र! आईने डोळे मिटले. आज सकाळी पिंपासमोर नारळ फुटलाय.

मी लोकांना पिंप रिकामं करायला लावायला निघालो होतो आणि देऊळ बांधून आलो.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

पीयूष सर आले. पांढरे बूट, चिकूच्या वाडीत! महादेवशेठ त्यांना वाडी दाखवत म्हणाले, "साहेब, डास आमच्या काळी होते. आता काय डास राहिलेत?" सरांच्या कपाळावर तेव्हा एक बसला होता. मी सांगितलं नाही.

तिसरी बॅच सरांच्या डोळ्यासमोर होणार. ते पाच दिवस इथेच. पिंजऱ्यांचा वास घेत फिरतात, खरंच, नाक लावून. म्हणाले, "मागे इथे आंबट वास होता, भाविकाने रिपोर्टमध्ये लिहिलंय. या वेळी कसलाच वास नको."

आंबलेली ताडी म्हणजे वास. मी घामाघूम. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घाबरू नकोस. आपलं काम खरं आहे."

लाहूकडे गेलो. म्हटलं, "वास न येणारी पण चढणारी दे. महत्त्वाचं आहे. बाईमाणसाच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

लाहू म्हणाला, "लग्न जमवतोस काय?"

"तसं समज."

त्याने पहाटेची दिली. गोड, पाण्यासारखी, वास नाही. "दुपारपर्यंत आपोआप चढेल," म्हणाला. किती विश्वासाने म्हणाला! सरांच्या समोर मी कापूस बदलला, त्यांनी वास घेतला, मान हलवली. "साखरपाणी. व्हेरी गुड."

१८ फेब्रुवारी

पाच दिवस गेले. मॅडमनी पेल्यांवर स्वतः सही केली. गाडी निघाली तेव्हा त्यांनी हात हलवला. डासांना. मी पण हलवला.

७ मार्च, गुरुवार

अठ्ठावीस. चार नंबरमध्ये चाळीसपैकी अठ्ठावीस.

मॅडम ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फोन टेबलावर उलटा ठेवला आणि ट्रे धुवायला लागल्या. सहा ट्रे स्वच्छ होते, ते पण धुतले. मी पुसायला घेतले. "तो जंतू पण नाहीये या वेळी," एवढंच म्हणाल्या. "एकाच्या पण पोटात नाही."

पीयूष सरांचा मेल: पहिल्या दोन वेळा बाहेरून काहीतरी मिसळलं असावं. मेलच्या शेवटी त्यांनी बेस्ट विशेस लिहिलंय.

९ मार्च

लाहूला पकडला. "कसली ताडी दिलीस रे? चढली नाही!"

"चढणार कशी? नीरा होती. हल्ली समुद्रावर मुंबईचे लोक सकाळी नीरा मागतात, त्यासाठी मडक्याला आतून चुना लावतो. चुना लावला की आंबत नाही, दोन दिवस ठेव, गोडच."

"मग दुपारपर्यंत चढेल म्हणालास!"

"तू बाईमाणसाचा प्रश्न म्हणालास. तिला ताडी पाजून लग्न करणार होतास? मी तुझं भलं केलं."

लाहूला हे पण विचारलं, चुन्याने नक्की काय होतं. म्हणाला, "आंबवणारं जे काय बारीक असतं ना, ते चुन्यात जगत नाही. मरून जातं." म्हणजे माझंच बरोबर निघालं! नशा मेली, डास शुद्धीत राहिले, पोटभर रक्त प्याले, व्हायरस रुजला. मॅडमचा जंतू-बिंतू काही नव्हताच. होती ती फक्त ताडी. माझं डोकं पहिल्या दिवसापासून बरोबर चाललं होतं आणि एवढी हुशारी असून मला कसलाही आनंद झाला नाही.

१५ मार्च

आमचं पिंप मी आज उपडं केलं, आईसमोर. आईने चप्पल घेतली. मी म्हटलं, "पुण्याने सांगितलं, हे डास पण इतरांसारखेच." आई थांबली. मग हळूच म्हणाली, "भाविकाला फार लागलं असेल ना रे?" आणि चप्पल खाली ठेवली. चपलेचा मार परवडला असता.

हेमांगीताई आल्या, रिकामं पिंप बघितलं, वहीत बरोबरची खूण केली. बाकीच्यांनी पण केली रिकामी, तोंड वाकडं करून. दोघी बायका आईशी बोलत नाहीत. आई म्हणते, शांतता आहे.

२९ मार्च, शुक्रवार

खोल्या रिकाम्या झाल्या. पिंजरे रामूच्या गाडीत. महादेवशेठ चावी घ्यायला आले, म्हणाले, आता इथे चिकूचे वेफर करू.

मॅडम सगळ्यांचा निरोप घेऊन झाल्यावर परत आत आल्या. मी झाडू मारत होतो. त्यांनी दार लोटलं.

"स्वप्निल, एक विचारू? रागावणार नाही. शपथ. पहिल्या दोन वेळी चार नंबरमध्ये काही वेगळं झालं होतं का? काही सांडलं असेल, कापूस बदलला असेल, दुसरं काही टाकलं असेल. काहीही."

मी झाडूकडे बघत होतो.

"चूक असली तरी चालेल. अरे, मला ती चूकच हवी आहे. तो जंतू अजून फ्रीझरमध्ये आहे पुण्याला. दोनदा आला म्हणजे कुठून तरी आला. कुठून ते कळलं की बस. कुणी तरी सांगितलं तर मी परत सगळं उभं करीन."

त्यांचे डोळे बघितले आणि मला कळलं, बाई अजून त्या जंतूवर विश्वास ठेवून बसल्यात. सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्यांना कळलं असतं की डास नुसते पिऊन पडले होते. नाचल्या त्या दोन उड्या, पेढे, गालावरची शालीची खूण, सगळी मस्करी. एवढा निर्दयी मी नाही.

म्हटलं, "नाही मॅडम. साखरपाणीच."

"नक्की?"

"आईशप्पथ."

त्यांनी मान हलवली. पर्समधून पेन काढून मला दिलं, त्यांचं ते निळं. "तू फार कामाचा माणूस आहेस," म्हणाल्या. गाडी चारोटीच्या बाजूला वळेपर्यंत मी झाडू धरून उभा होतो. आता कारखान्यात बिलं लिहितील. पण मनात एवढं तरी राहील की दोनदा खरं आलं होतं. ते मी त्यांना दिलं. आयुष्यात कुणाला काही दिलं असेल तर एवढंच.

त्यांच्याच पेनाने लिहितोय. ही वही ज्याच्या हाताला लागेल त्याला हात जोडून सांगतो, पाया पडतो हवं तर: उंबरगावला भाविका मॅडमना हे दाखवू नको. पुण्याला पाठवू नको. माझ्या आईला तर नकोच नको. मला शिव्या घाल, हसायचं तेवढं हस, पण ताडीचं कुणाला बोलू नको. बाईचं मन मोडेल रे. एवढं ऐक. कुणाला सांगू नको.